नट बसतोय, पण धरत नाही: भोसरीतल्या हब-स्टडच्या गाळ्याबद्दल

पुण्यात जुन्या जिपा, पिकअप, छोटे ट्रक यांचे अ‍ॅक्सल बदलून देणारी गॅरेजं पुष्कळ आहेत. चाकाचा स्टड, म्हणजे ज्यावर चाकाचा नट चढतो तो बोल्ट, आधी मोजायचा आणि मग गाडीला जॅक लावायचा, असं काम करणारा मला मात्र भोसरी एमआयडीसीतला हा एकच गाळा भेटला. हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), ड्रम, डिस्क आणि स्टड एवढंच काम ते करतात. इंजिनाला हात लावत नाहीत, पेंटिंग करत नाहीत. मी नोकरीची सगळी वर्षं याच पट्ट्यात, तपासणी खात्यात काढली. कुणी मोजमाप नीट करताना दिसलं की मला मनापासून बरं वाटतं, आणि इथे ते दिसलं.

माझी गाडी जुनी महिंद्रा जीप, पेजो डिझेलची. आमचं शेत वेल्ह्याकडे आहे. पाबे घाटातून खताची पोती, भाताची पोती, कधी पाइपांची बंडलं असं सगळं याच जिपेत जातं. चारी चाकांना ड्रम ब्रेक होते. घाट उतरताना ते तापतात आणि पेडल खाली खाली जायला लागतं. पावसाळ्यात ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरतं, आणि पुढचे दोन-तीन ब्रेक देवाच्या भरवशावर. म्हणून पुढे डिस्क ब्रेकवाला अ‍ॅक्सल बसवायचं ठरवलं. भंगारातून चांगल्या अवस्थेतला अ‍ॅक्सल मिळाला, डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरसकट. पाच स्टड आणि साडेपाच इंचाचा, म्हणजे १३९.७ मिलीचा पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास). माझ्या चाकांचाही तोच.

पाच स्टडचा पीसीडी समोरासमोर मोजता येत नाही, कारण एका स्टडच्या नेमका समोर दुसरा स्टड नसतो. शेजारच्या दोन स्टडांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. ८२ मिली आलं तर साडेपाच इंच. तेवढं मी घरी करून घेतलं होतं.

अ‍ॅक्सल बसवला एका दुसऱ्या गॅरेजने. तिथे जीपचे जुने नट पुढच्या नव्या हबवर चढवले, हवेच्या गनने आवळले आणि गाडी ताब्यात दिली. एक नट मी हातात घेऊन फिरवला तर तो डुलत होता. विचारलं, तर उत्तर मिळालं, "आटे जरा ढिले आहेत, स्प्रिंग वॉशर टाकून देतो." चाकाच्या नटाचं तोंड निमुळतं असतं आणि रिमच्या भोकाचंही. त्या दोन उतारांनीच चाक मधोमध येतं आणि धरलं जातं. मध्ये वॉशर घातला की ती बैठकच गेली. मी गाडी तिथून तशीच उचलली आणि टोइंगवर घालून या गाळ्यात आणली.

इथल्या मिस्त्रींनी पहिल्यांदा गाडीखाली डोकावलंसुद्धा नाही. पुढच्या चाकाचा एक नट आणि मागच्या चाकाचा एक नट काढून घेतला. वायर ब्रशने दोन्ही चाकांवरचा एकेक स्टड साफ केला, चिंधीने पुसला. मग मागचा नट पुढच्या स्टडवर नुसत्या बोटांनी फिरवला. नट गेला. अगदी गोडीत गेला, कुठे अडला नाही. पाच-सहा फेरे आत गेल्यावर मिस्त्रींनी तो चिमटीत धरून वर-खाली हलवला, आणि टकटक आवाज आला.

"काका, नट बसतोय, पण धरत न्हाई," ते म्हणाले आणि जाडी मोजायचा व्हर्निअर माझ्या हातात दिला. "तुम्हीच मोजा."

मागचा स्टड बारा मिलीच्या बराच वर, साडेबाराच्याही पुढे. म्हणजे चार सुती, अर्धा इंच, कागदावर १२.७ मिली. पुढचा बाराच्या किंचित आत. म्हणजे एम-१२, बारा मिलीचा मेट्रिक स्टड. पुढच्या हबवर आधीच्या कुणीतरी मेट्रिक स्टड ठोकले होते आणि माझे नट इंची होते.

आता यात घातक काय, ते मिस्त्रींनी गेज लावून दाखवलं. अर्ध्या इंचाच्या यूएनएफ, म्हणजे बारीक इंची आट्याच्या स्टडला इंचात वीस आटे असतात. एका आट्याचं अंतर १.२७ मिली. एम-१२च्या बारीक आट्याचं अंतर १.२५ मिली. फरक दोन शतांशांचा. त्यांनी गेजचं इंचात वीस आट्यांचं पातं एम-१२च्या स्टडवर ठेवलं आणि माझ्यासमोर उजेडाला धरलं. नोकरीत हजारो आटे तपासलेल्या माझ्या डोळ्यालाही फट शोधावी लागली. म्हणून नट सरळ चढतो. पण व्यासात पाऊण मिलीची तफावत असल्याने नटाचा आटा स्टडच्या आट्याचं फक्त टोक धरतो, बाजूला ०.२ मिलीच्या आसपास. पूर्ण आट्याची खोली याच्या तिपटीहून जास्त असते. हाताला वाटतं बसला, पान्यालाही काही वेळ वाटतं आवळला. मग घाटात ब्रेक मारल्यावर चाकावर जोर येतो आणि ती टोकं सोलून निघतात.

आट्यांतलं अंतर बरंच वेगळं असलेल्या जोड्यांत हे होत नाही. गाळ्यात त्याच दिवशी एका मोठ्या ट्रकचा हब उघडा पडला होता. जुन्या इंग्रजी वळणाच्या ट्रकांना सात सुती बीएसएफ (जुन्या ब्रिटिश मापाच्या बारीक आट्याचे) स्टड असतात, म्हणजे २२.२ मिली आणि इंचात ११ आटे. नव्या ट्रकांना एम-२२, दीड मिलीच्या आट्याचे. कानाने ऐकलं तर दोन्ही 'बावीस'. पण आट्यांतलं अंतर इतकं वेगळं की नट सुरुवातीलाच अडतो आणि माणूस थांबतो. अर्धा इंच आणि बारा मिलीची जोडी तसं थांबू देत नाही. नऊ सोळांश इंच आणि एम-१४ ही जोडीही मापाने चकवते. हे सगळं त्यांनी एका जुन्या पत्र्यावर खडूने लिहून दाखवलं. गिऱ्हाइकाला एवढं समजावून सांगायला वेळ काढणारी माणसं आता फार राहिली नाहीत.

मग पुढे काय करायचं याचे पर्याय त्यांनी मांडले. सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे पुढे एम-१२चे नट घ्यायचे, मागे इंची ठेवायचे आणि गाडी रस्त्यावर आणायची. चालतं. पण रात्री चांदणी चौकाच्या पुढे पंक्चर झालं, पंक्चरवाल्याने दोन चाकांचे नट एकाच टोपलीत टाकले की संपलं. एम-१२चा नट इंची स्टडवर चढणारच नाही, तिथे फार तर वेळ जाईल. इंची नट मात्र एम-१२वर गुपचूप चढेल. मिस्त्री म्हणाले, "दोन मापं गाडीवर ठेवायची असतील तर काम दुसरीकडं करा. मी करणार न्हाई." त्यांचं हे वाक्य ऐकूनच मी गाडी तिथे ठेवायचं नक्की केलं.

ठरलं असं की चारही हबवर चार सुती स्टड. मागच्या डाव्या चाकाचे स्टड उलट्या आट्यांचे निघाले. विलिस या मूळ अमेरिकी जीपच्या घराण्यातल्या जुन्या जिपांना डावीकडे असे उलटे आटे देत. चाक फिरताना नटाला किंचित फिरकी बसत राहते आणि डाव्या बाजूला ती सरळ आट्याचा नट सैल करायच्या दिशेची असते, म्हणून ती सोय. स्टडच्या टोकावर 'एल' असा ठसा होता, तोही गंजाखाली दबलेला. ज्याला हे ठाऊक नाही तो पाना उलटीकडे ओढून स्टडच तोडतो. मिस्त्रींनी ठसा शोधला, मला दाखवला, आणि उलटे ठेवायचे की सरळ करायचे हे माझ्यावर सोपवलं. मी सरळ करून घेतले. योग्य ताकदीने आवळलेला आणि नीट बैठकीवर बसलेला सरळ आटा डावीकडेही राहतो, आजच्या बहुतेक गाड्या तशाच धावतात. शिवाय ही जीप माझा भाचाही चालवतो, त्याला उलट्या आट्यांच्या भानगडीत पाडायचं नव्हतं.

आता खुद्द कामाबद्दल. हब सुटा करून, बेअरिंग काढून ठेवून, जुने स्टड प्रेसवर दाबून बाहेर काढले. घण कुठेही वापरला नाही. स्टडच्या डोक्याखाली बारीक उभ्या खाचांचा पट्टा असतो, नर्लिंग म्हणतात त्याला. तो हबच्या भोकात घट्ट रुततो म्हणून नट आवळताना स्टड जागेवर फिरत नाही. भोकापेक्षा नर्लिंग साधारण पाव मिली मोठं लागतं. एम-१२साठी असलेली भोकं अर्ध्या इंचाच्या स्टडला लहान पडत होती. ती त्यांनी हाताच्या ड्रिलने न वाढवता मशीनवर घेतली, शेवटी भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर फिरवला. पाचही भोकांचा मध्य जिथे होता तिथेच राहिला, हे मी स्वतः तपासलं.

नाना पेठेतून आलेले पहिले स्टड त्यांनी परत पाठवले. मला वाटलं आट्यात काही दोष असेल. आटे ठीक होते. नर्लिंग कमी भरत होतं, नुसत्या अंगठ्याने दाबून स्टड भोकात अर्धा शिरत होता. दुसरा एखादा म्हणाला असता, डोक्याला मागून वेल्डिंगचा टाका मारू, कुठे जातोय. यांच्याकडे वेल्डिंग मशीन दारातच उभं आहे, तरी त्यांनी तो विषयसुद्धा काढला नाही. मीच मुद्दाम विचारलं. स्टड पाणी दिलेल्या पोलादाचा असतो, टाक्याच्या उष्णतेने त्याची ती ताकद तिथल्या तिथे उतरते आणि नेमका डोक्याखाली तुटतो, असं उत्तर आलं. माझ्या नोकरीतल्या कुठल्याही धातुतज्ज्ञाने हेच सांगितलं असतं.

लेथवर सळई वळवून स्टड करून द्यायलाही ते नकार देतात. कापून केलेल्या आट्यांत आणि दाबून, रोल करून केलेल्या आट्यांत ताकदीचा फरक असतो. रोलिंगमध्ये पोलादाचा तंतू तुटत नाही, वळतो. शिवाय बाजारात मिळणारी साधी माइल्ड स्टीलची सळई या कामाची नाहीच. डोक्यावर कंपनीचा ठसा नसलेला स्टड ते घेत नाहीत. दुसऱ्या खेपेला आलेले स्टड प्रेसवर जाताना जो करकर आवाज करत गेले, तो ऐकून माझं समाधान झालं.

लांबीचं मापही त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. या अ‍ॅक्सलवर डिस्क हबच्या मागे बसते आणि तेच स्टड हब आणि डिस्क दोन्हींतून जातात. त्यामुळे जुन्या ड्रमच्या हबला पुरणारा स्टड इथे आखूड पडतो. त्यांचा नियम सोपा आहे. नटाने स्टडवर कमीत कमी स्टडच्या जाडीएवढी लांबी धरली पाहिजे. अर्ध्या इंचाला, इंचात वीस आटे, म्हणजे पूर्ण दहा फेरे. चाक चढवून त्यांनी मला हातानेच नट फिरवायला लावला आणि फेरे मोजायला सांगितले. दहा होऊन वर आणखी गेले. उलट बाजूला, स्टडचं डोकं कॅलिपरच्या ब्रॅकेटला घासत नाही ना, हे हब सावकाश फिरवून, मध्ये पातळ पत्रा सरकवून बघितलं. डिस्कला डोलणं मोजणारा डायल लावला, डोलणं ०.१ मिलीच्या आत आलं. हबच्या तोंडावर आणि रिमच्या मागे जमलेला रंग खरवडून काढला. रंगाचा थर दाबाखाली हळूहळू बसतो आणि तेवढाच नट सैल पडतो.

शेवटी आवळणं. गन नाही, टॉर्क पाना, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना. पाच नट एक सोडून एक, आधी सगळे अर्ध्या जोराने, मग शंभर न्यूटन मीटरच्या आसपास. आट्यांना ग्रीस लावत नाहीत, कारण ग्रीसने तोच टॉर्क स्टडला जास्त ताणतो. मी सगळीकडे कौतुकच करतोय असं वाटेल, पण इथे एक गोष्ट मला खटकली. टॉर्क पाना शेवटचा कॅलिब्रेट कधी केला, त्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता. पाना चांगला दिसत होता, हाताला बरोबर वाटत होता, तरी एवढ्या काटेकोर माणसांकडे तो कागद हवा. मी हे त्यांना तोंडावर सांगितलं, त्यांनी ऐकूनही घेतलं. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर परत येऊन नट तपासून जा, हे त्यांनी बिलावर पेनाने लिहून दिलं. मी सिंहगड रस्त्याने खडकवासल्यापर्यंत भरल्या गाडीने फेऱ्या मारून परत गेलो, वीसपैकी एकही नट हलला नव्हता. परत तपासायचे पैसे घेतले नाहीत.

ब्रेकच्या बाबतीत थोडक्यात सांगतो, कारण ते काम त्यांनी अर्धंच केलं आणि आधीच तसं सांगितलं होतं. ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेकच्या तेलाला दाब देणारा भाग) लाइनीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच सिलिंडर डिस्कला जोडला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि तापतात. पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशा जोडीचा मास्टर सिलिंडर लागतो, पायाचा जोर वाढवणारा बूस्टरही लागतो. तो बसवायला त्यांनी आपल्या ओळखीचा ब्रेकवाला बोलावला. त्याने ब्रेकच्या लाइनीतली हवा काढली ती सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करून जवळच्या चाकाकडे येत. पेडल आता वर आणि घट्ट आहे. आणखी एक, गाडी ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं होतं, "आरटीओत विचारलंत का?" वाहनातल्या बदलांना मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ५२ लागू होतं. कागदांची बाजू आधी बघून मगच सुटे भाग घ्या.

पैशांचं बोलायचं तर स्टड आणि नट मिळून एक जोडी सव्वाशेच्या आसपास पडली, आणि चार हबचं मशीनकाम, प्रेस, जोडणी मिळून साडेपाच हजार. भोसरीत यापेक्षा निम्म्यात हे करून देणारे सापडतील. मला हे पैसे अजिबात जास्त वाटले नाहीत. एक चाक निखळलं तर गाडीत बसलेल्यांचं काय होतं ते सोडाच, सुटलेलं चाक रस्त्याने एकटं पळतं आणि कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नसतो. जे गिऱ्हाईक इथे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतं त्याचा मला राग येतो, आणि तिथे बसलो असताना अशी घासाघीस होताना बघितलीही.

गैरसोयी आहेत. गाडी कधी मिळेल हे नीट सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी त्यात भर पडते, कारण मापात न बसणारा माल परत पाठवतात. बसायला एकच बाक, तोही लेथच्या शेजारी, कपड्यांना तेल लागणार. पक्कं बिल मागितलं तर देतात, न मागता नाही. फोनवर भाव सांगत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, न मोजलेल्या कामाचा भाव कसा सांगणार.

जाणार असाल तर चाकांबरोबर स्टेपनीही घेऊन जा. माझ्या स्टेपनीच्या रिमची भोकं पूर्वी कुणीतरी चुकीचे नट आवळून अंडाकृती करून ठेवली होती, ती त्यांनीच दाखवली. ती रिम आता भंगारात गेली. अ‍ॅक्सल अजून बसवला नसेल तर तो सुटाच न्या, जोडीला जुन्या हबचा एक स्टड आणि सध्या वापरता तो एक नट. सकाळी लवकर जा, दुपारी दोन ते तीन मशीन बंद असतात. भोसरीतल्या बाकीच्या गाळ्यांसारखी इथेही गुरुवारी सुट्टी.